जावा की डॉट नेट? श्रीगोंद्यातून आयटीत निघालेल्यांसाठी

दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या परीक्षा संपल्या की श्रीगोंदा, काष्टी, बेलवंडी, पेडगाव या भागांतली मुले-मुली पुण्यात नोकरीला असलेल्या ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतात. प्रश्न एकच असतो : जावा करू की डॉट नेट, स्कोप कशाला आहे? विचारणारा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, बीबीए-सीए किंवा इंजिनिअरिंग झालेला असतो. घरच्यांनी उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या पगारातून क्लासची फी बाजूला काढून ठेवलेली असते. पुण्यात कॉट बेसिसवर सहा-आठ महिने काढायची तयारी असते. चुकलो तर ते वर्ष आणि ते पैसे दोन्ही गेले, ही धास्ती असते आणि ती खोटी नाही.

एवढे पणाला लागलेले असताना उत्तर मात्र फोनवर दोन मिनिटांत दिले जाते. जावावाला जावा सांगतो, डॉट नेटवाला डॉट नेट. दोघेही मनापासूनच सांगतात, पण स्वतःच्या अनुभवावरून. तुमची परिस्थिती त्यांना ठाऊक नसते. या लेखात ती परिस्थिती तपासायची रीत दिली आहे. महिनाभर ती नेटाने पाळली तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. मी इथे जावा आणि डॉट नेट ही जोडी घेतली आहे, कारण आपल्याकडे खरा पेच तिथेच पडतो. दुसऱ्या कोणत्याही दोन तंत्रांत अडकला असाल, तरी रीत हीच लागू पडेल.

दोन्ही वाटा इतक्या सारख्या का

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आणली. जेम्स गोसलिंग हे तिचे मुख्य कर्ते. एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही संगणकावर चालावा, हा तिचा दावा होता. मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन जावाची स्वतःची आवृत्ती काढली, पण तिच्यात फक्त विंडोजवर चालतील अशा गोष्टी घातल्या. त्यावरून १९९७ मध्ये सनने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले आणि जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली. वाद चालू असतानाच मायक्रोसॉफ्टने आपली वेगळी वाट आखली. २००० मध्ये सी शार्प ही भाषा जाहीर झाली आणि २००२ मध्ये ती जिच्यावर चालते त्या डॉट नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती बाजारात आली. सी शार्पची आखणी अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली झाली. टर्बो पास्कल आणि डेल्फाय या त्यांच्याच कामगिऱ्या, आणि २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टमागेही तेच होते.

हा इतिहास माहीत असला की एक भीती गळून पडते. दोन्ही भाषा एकाच काळात, एकाच प्रकारच्या कामासाठी आणि एकमेकींकडे पाहत वाढल्या. क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस, एक्सेप्शन, जेनेरिक्स, मेमरीची आपोआप होणारी सफाई या कल्पना दोन्हीकडे आहेत. जावा नीट येणारा माणूस सी शार्पची फाइल उघडून पहिल्याच दिवशी तिचा बहुतेक भाग समजून घेऊ शकतो. यातली एक वाट धरल्याने दुसरी कायमची बंद होत नाही.

जुन्या ऐकीव गोष्टीही सोडून द्या. 'डॉट नेट म्हणजे फक्त विंडोज' हे २०१६ पर्यंत बरेचसे खरे होते. त्या वर्षी डॉट नेट कोअर आले. ते मुक्तस्रोत आहे आणि लिनक्सवर, मॅकवरही चालते. २०२० मध्ये डॉट नेट ५ आल्यापासून पुढचा सगळा विकास याच नव्या शाखेवर होतो आहे. 'ओरॅकलने जावा घेतली, आता ती विकत घ्यावी लागते' हेही अर्धवट आहे. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी विकत घेतली हे खरे, पण ओपन जेडीके हे जावाचे मुक्त रूप फुकट मिळते आणि कंपन्या ते सर्रास वापरतात.

काम कुठे आहे

भाषा सारख्या असल्या तरी त्यांचे बाजार वेगळे आहेत.

बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांसारख्या वित्तसंस्थांची मोठी तंत्रकेंद्रे पुण्यात आहेत. बँका, कार्डांचे व्यवहार, टेलिकॉम, मोठी ऑनलाइन दुकाने या क्षेत्रांत सर्व्हरवरचे काम मोठ्या प्रमाणात जावात चालते. त्यासाठी स्प्रिंग आणि २०१४ पासून स्प्रिंग बूट ही चौकट वापरली जाते. काफ्का, हडूप, इलॅस्टिकसर्च ही प्रचंड माहिती हाताळणारी साधनेही जावाच्याच परिसरातली आहेत. अँड्रॉइड अ‍ॅप करायचे असेल तर मात्र थेट कॉटलिन शिका. २०१९ पासून गूगलने तिलाच पहिली पसंती दिली आहे.

डॉट नेटचा बाजार कारखाने, हॉस्पिटले, विमा, लेखा आणि पगारपत्रके, परदेशातल्या मध्यम आकाराच्या कंपन्या, आणि ज्या कार्यालयांत सगळा कारभार विंडोजवर व मायक्रोसॉफ्टच्या साधनांवर चालतो तिथे पसरलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर या क्लाउड सेवेचे सेंट्रल इंडिया केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे. युनिटी वापरून गेम बनवायचे असतील तर तिथेही सी शार्पच लागते.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, खतांचे दुकान, खासगी दवाखाना, शाळेचे कार्यालय या प्रत्येक ठिकाणी सॉफ्टवेअर आहे. वजनकाट्यावर गाडी आली की भरलेले वजन, रिकामे वजन, शेतकऱ्याचा कोड आणि वाहतूकदाराचे नाव नोंदले जाते, पावती निघते आणि पुढे त्यावरूनच बिल होते. असे सॉफ्टवेअर पूर्वी बऱ्याच ठिकाणी फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिले जाई. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला आणि फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये. यातले बरेच काम पुढे डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हरकडे वळले. म्हणून अहिल्यानगर, बारामती, दौंड या पट्ट्यात छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम शोधणाऱ्याला डॉट नेट जास्त वेळा भेटते. पगार पुण्यापेक्षा कमी असतो. पण घरून जाऊन-येऊन नोकरी होते, आणि पहिल्याच वर्षी ग्राहकासमोर बसून काम समजून घ्यायला मिळते.

मोठ्या कंपनीत निवड तुमच्याकडे नसते

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट यांसारख्या मोठ्या सेवा कंपन्या फ्रेशरला जावाचा किंवा डॉट नेटचा म्हणून सहसा घेत नाहीत. त्या गणित, तर्क, इंग्रजी आणि थोडे कोडिंग तपासतात, निवड करतात, काही महिने प्रशिक्षण देतात, आणि मग ज्या प्रकल्पाला माणूस हवा असेल तिथे पाठवतात. तिथे जावा मिळेल, डॉट नेट मिळेल, टेस्टिंग मिळेल किंवा मेनफ्रेमवरची कोबोलही मिळेल. सुरुवातीचा पगारही भाषेवर ठरत नाही. टीसीएसच्या निन्जा श्रेणीचा वर्षाला ३.३६ लाख हा आकडा अनेक वर्षे तोच राहिला. त्यापेक्षा वरची श्रेणी मिळते ती कोडिंगची अवघड परीक्षा पार केल्यावर.

म्हणून कॅम्पसमधून किंवा सामायिक परीक्षेतून अशा कंपनीत जायचा विचार असेल, तर जावा की डॉट नेट या वादात एक दिवसही घालवू नका. एकाच भाषेत अ‍ॅरे, स्ट्रिंग, लिंक्ड लिस्ट, सॉर्टिंग, रिकर्शन यांवरची गणिते रोज सोडवा आणि इंग्रजीत बोलायचा सराव करा. निवडीचा प्रश्न खरा उभा राहतो तो लहान-मध्यम कंपन्यांत अर्ज करताना, ऑफ-कॅम्पस नोकरी शोधताना आणि क्लास लावताना. पुढचा भाग या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहे.

पहिला आठवडा : जाहिराती वाचा

नोकरीच्या संकेतस्थळांवर जा आणि पुण्यातल्या जावा डेव्हलपरच्या तीस-चाळीस जाहिराती वाचा. तेवढ्याच डॉट नेटच्या वाचा. अहिल्यानगर, बारामती, छत्रपती संभाजीनगर, नाशिक इथल्याही पाहा. एका वहीत पाच रकाने करा : कंपनीचे काम काय आहे, गाव कोणते, अनुभव किती मागितला आहे, भाषेशिवाय आणखी काय यायला हवे, आणि आवृत्ती कोणती.

तिसरा रकाना पाहून निराश होऊ नका. बहुतेक जाहिराती दोन वर्षे आणि त्याहून जास्त अनुभवाच्या असतील. शून्य ते एक वर्ष मागणाऱ्या कोणत्या बाजूला जास्त दिसतात आणि त्या कुठल्या गावच्या आहेत, एवढे टिपा. हा आकडा तुमच्या हातचा आणि आजचा असेल. कुणाच्याही सांगण्यापेक्षा तो जास्त भरवशाचा.

चौथा रकाना भरला की आणखी एक गोष्ट उलगडेल. दोन्ही बाजूंना तीच नावे पुन्हा पुन्हा येतात : एसक्यूएल, रेस्ट एपीआय, गिट, अँग्युलर किंवा रिअ‍ॅक्ट, डॉकर, कुठला तरी क्लाउड. म्हणजे तुमच्या अभ्यासाचा मोठा भाग आत्ताच ठरलेला आहे. तो निर्णयासाठी थांबलेला नाही. निर्णय व्हायच्या आधीच एसक्यूएल आणि गिट सुरू करा.

पाचव्या रकान्यातून कंपनी कुठल्या काळात आहे ते कळते. जावात ८ ही २०१४ ची आवृत्ती आजही बऱ्याच ठिकाणी चालू आहे. १७ ही २०२१ ची आणि २१ ही २०२३ ची आवृत्ती दिसली तर कंपनी काळाबरोबर आहे असे समजा. डॉट नेटमध्ये 'फ्रेमवर्क ४.८' लिहिले असेल तर ती २०१९ ची, जुन्या शाखेची शेवटची मोठी आवृत्ती. 'डॉट नेट ८' किंवा त्यापुढचे असेल तर नवी शाखा. जुन्या आवृत्तीवरचे काम वाईट नसते. पण तिथे नवे बांधण्यापेक्षा दुरुस्तीचे काम जास्त असेल, हे आधी कळलेले बरे. मुलाखतीत तुम्हीही विचारा : प्रकल्प कोणत्या आवृत्तीवर आहे? या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उलट, उमेदवाराने तयारी केली आहे असे दिसते.

पुढचे तीन आठवडे : एकच काम दोन्हींत करून पाहा

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात पाहतो आणि चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. सहा महिन्यांची फी भरण्यापूर्वी दोन्ही तंत्रे अशीच चालवून पाहा. त्यासाठी परक्या देशातल्या पुस्तकाच्या दुकानाचा नमुना नको. घरच्यांना रोज माहीत असलेले काम घ्या, म्हणजे चूक झाली तर आईसुद्धा सांगेल.

दूध संकलन केंद्राचा हिशेब हे उत्तम काम आहे. उत्पादकाचा कोड आणि नाव. सकाळ की संध्याकाळ. लिटर, फॅट, एसएनएफ. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मूळ दर, आणि त्याच्या वर-खाली गेल्यास दरपत्रकाप्रमाणे वाढ किंवा घट. उचल आणि पशुखाद्याची कपात. दहा दिवसांचे बिल. यात नोंद, शोध, दुरुस्ती, हिशेब, तारखा, पैसे आणि छापील बिल हे सगळे येते. कार्यालयीन सॉफ्टवेअर बहुतांशी याच गोष्टींचे बनलेले असते.

डेटाबेस दोन्हींसाठी एकच ठेवा. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, दोन्ही फुकट आहेत. आधी कागदावर टेबले आखा : उत्पादक, संकलन, दरपत्रक, कपात. प्रत्येक उत्पादकाची दहा दिवसांची बेरीज काढणारी क्वेरी हाताने लिहा. मग पहिले दहा दिवस जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये, पुढचे दहा दिवस सी शार्प आणि एएसपी डॉट नेट कोअरमध्ये तेच काम उभे करा.

फरक कुठे जाणवेल ते सांगतो. पैशांचा हिशेब जावात डबल या प्रकारात केला तर दशांशात पैसे इकडे-तिकडे होतात, म्हणून बिगडेसिमल वापरावे लागते. त्यात बेरीज-गुणाकारासाठी चिन्हे चालत नाहीत, मेथड लिहाव्या लागतात. सी शार्पमध्ये डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे आणि नेहमीच्या चिन्हांनी हिशेब होतो. डेटाबेसशी बोलायला जावात जेपीए आणि हायबरनेट, तर डॉट नेटमध्ये एन्टिटी फ्रेमवर्क कोअर. यादीतून निवड करायला जावात स्ट्रीम्स, तर सी शार्पमध्ये लिंक (LINQ). बाहेरची पॅकेजेस आणायला जावात मेव्हन किंवा ग्रेडल, तर डॉट नेटमध्ये न्यूगेट. जावाच्या बाजूला एकाच कामाची अनेक साधने असतात आणि निवडावी लागतात. डॉट नेटमध्ये बहुतेक गोष्टी एकाच कंपनीकडून एकत्र बांधून येतात, त्यामुळे सुरुवात सुटसुटीत वाटते. कुणाला पहिले आवडते, कुणाला दुसरे.

लॅपटॉप जुना असेल तरी अडत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ आणि इंटेलिजे ही दोन्ही साधने जड आहेत, त्यांना सोळा जीबी मेमरी असेल तर बरे. आठ जीबी असेल तर व्हीएस कोडवर दोन्ही भाषा चालतात. त्याहून कमी असेल तर लिनक्स टाका.

वीस दिवस संपले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. अडलो तेव्हा त्रुटीचा संदेश वाचून आपला आपण मार्ग काढला, तो कोणत्या बाजूला जास्त वेळा? दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फाइल उघडावीशी कोणती वाटली? आणि आपण काय बनवले हे मित्राला न अडखळता कोणत्या बाजूचे सांगता आले? उत्तरे लिहून ठेवा.

आता निर्णय

माझे मत स्पष्ट सांगतो.

हातात नोकरी असेल तर तीच तुमची वाट. डॉट नेटची खरी ऑफर असताना जावाला मागणी जास्त म्हणून ती सोडू नका. उलट बाजूनेही तसेच. पहिल्या दोन वर्षांचा खरा अनुभव कोणत्याही कोर्सपेक्षा मोठा असतो.

ऑफर नाही, पण एका तंत्रात काम करणारा आणि आठवड्यातून तासभर तुमचे कोड तपासायला तयार असलेला माणूस आहे, मग तो मामेभाऊ असो, कॉलेजची सीनियर ताई असो की गावातला दादा, तर त्याचे तंत्र घ्या. खेड्यातून आलेल्या मुलाकडे बुद्धी कमी नसते. त्याला कमी पडते ती चूक दाखवणारी नजर. ती फुकट मिळत असेल तर तिच्यापुढे भाषेची निवड गौण आहे.

घराजवळ राहणे आवश्यक असेल, म्हणजे आईवडील एकटे असतील, शेती पाहायची असेल किंवा बाहेर राहण्याचा खर्च झेपणारा नसेल, तर डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हर घ्या. अहिल्यानगर-दौंड-बारामती पट्ट्यातल्या कंपन्यांची यादी करून प्रत्यक्ष भेटा.

यातले काहीच नसेल, पुणे किंवा बेंगळुरूला जायची तयारी असेल आणि प्रयोगात दोन्ही सारखेच वाटले असेल, तर जावा घ्या. पुणे विद्यापीठाच्या संगणक पदव्यांत जावा बहुधा शिकवलेली असते, म्हणजे पाया आधीच पडलेला आहे. कंपन्यांच्या कोडिंग परीक्षांत ती चालते. आणि मराठीतून शिकायची सोय तिला जास्त आहे.

प्रयोगात एकच तंत्र ठळकपणे आवडले असेल तर बाकीचा विचार सोडा आणि तेच घ्या. रोज सहा तास बसायचे तुम्हाला आहे.

क्लास, फी आणि खोटा अनुभव

फी भरण्यापूर्वी फुकट काय मिळते ते वापरून संपवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जावाचे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचे प्रा. देबाशिस सामंता यांचा जावाचा अभ्यासक्रम आहे. डॉट नेटसाठी मायक्रोसॉफ्ट लर्न हे संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे. त्याचे इंग्रजी सोपे आणि उदाहरणे चालवून पाहता येणारी आहेत.

इंजिनिअरिंग, एमसीए किंवा एमएस्सी झालेल्यांनी सी-डॅकच्या पीजी-डॅक या सुमारे सहा महिन्यांच्या पदविकेचा विचार जरूर करावा. सी-डॅक ही १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो. या अभ्यासक्रमात जावा आणि डॉट नेट दोन्ही शिकवतात, त्यामुळे निवडीचा ताण पुढे ढकलता येतो. पात्रतेचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच अर्ज करा.

खासगी क्लास लावायचाच असेल तर आधी दोन तास वर्गात बसू द्या म्हणावे. शिकवणारा फळ्यावर नोट्स उतरवून देतो की तुमच्यासमोर कोड लिहून, चुकवून, दुरुस्त करून दाखवतो, ते पाहा. गेल्या वर्षी नोकरी लागलेल्या दोन विद्यार्थ्यांशी तुम्ही स्वतः बोला. फी हप्त्याने भरा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेली पाटी पाहून एकरकमी भरू नका.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून. पुण्यात काही जण पैसे घेऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी कागदपत्रे करून देतात. 'सगळेच करतात' असे सांगतात. त्या दारात जाऊ नका. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासल्या की कोण कुठे, कधी कामाला होता ते उघड होते. कधी हे रुजू होण्यापूर्वी उघडकीला येते, कधी दोन वर्षांनी, घराचे कर्ज घेतल्यावर. तेव्हा नोकरी तर जातेच, पण मधल्या काळात केलेले खरे कामही दाखवता येत नाही. नोकरी देण्यासाठी अनामत किंवा प्रक्रिया शुल्क मागणारी कंपनीही अशीच टाळा. नामांकित कंपन्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

निवडल्यानंतरची दोन वर्षे

निवड झाली की दोन वर्षे ती बदलू नका. सहा महिने जावा, मग मित्राला डॉट नेटमध्ये नोकरी लागली म्हणून तीन महिने ते, मग कुणी म्हणाले म्हणून पायथॉन, अशाने अनेक हुशार मुलांची वर्षे गेलेली पाहिली आहेत. त्यांना तीन भाषांची सुरुवात येते आणि एकाही भाषेत काम येत नाही. मुलाखतीत हे पाच मिनिटांत दिसते.

या काळात काय टाळायचे तेही ठरवा. जावात अ‍ॅपलेट आणि स्ट्रट्स, डॉट नेटमध्ये वेब फॉर्म्स आणि व्हीबी डॉट नेट यांवर नव्याने वेळ घालू नका. कामात समोर आले तर वाचून समजून घ्या. त्याऐवजी दूध संकलनाचा तो छोटा प्रकल्प वाढवा. त्याला लॉगिन द्या, चाचण्या लिहा, अँग्युलर किंवा रिअ‍ॅक्टचा पडदा जोडा, डॉकरमध्ये बांधा, क्लाउडवर चढवा आणि गिटहबवर ठेवा. जमले तर गावातल्या एखाद्या संकलन केंद्राला महिनाभर वापरायला द्या. 'इंटरनेट गेले तर काय', 'एकाच नावाचे दोन उत्पादक आहेत', 'मागच्या बिलातली फॅट दुरुस्त करायची आहे' असे प्रश्न तिथून येतील. त्यांची उत्तरे शोधताना जे शिकाल ते मुलाखतीत तुम्हाला वेगळे उभे करेल.

एआयचे काय, हा प्रश्नही हल्ली येतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून सांगितलेले कोड लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत आणि ती जावा व सी शार्प दोन्ही लिहितात. त्यामुळे या जोडीतली निवड बदलत नाही. पण शिकण्याची रीत बदलते. नुसते सांगाड्याचे कोड लिहिता येणाऱ्याची किंमत कमी होत चालली आहे. आलेले कोड वाचून त्यातली चूक पकडणाऱ्याची, आणि काय बनवायचे आहे हे नेमके मांडणाऱ्याची वाढते आहे. पहिले सहा महिने स्वतःच्या हाताने लिहा. मग ही साधने वापरा, आणि त्यांनी दिलेली प्रत्येक ओळ समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोठ्या कंपनीत न आवडणारे तंत्र वाट्याला आले तर पहिले वर्ष ते मन लावून करा. त्या वर्षात ग्राहकाचा व्यवसाय शिका : विम्याचा दावा कसा मंजूर होतो, बँकेचा व्यवहार कसा मिटवला जातो, कारखान्यात कच्च्या मालाची नोंद कशी होते. तंत्र बदलले तरी ही समज तुमच्याबरोबर राहते. फॉक्सप्रोच्या काळापासून आजही टिकून असलेली माणसे पाहा. त्यांना ऊस बिलाचा, व्याजाचा, साठ्याचा हिशेब पक्का माहीत होता, म्हणून त्यांनी नवी भाषा शिकून घेतली आणि ग्राहक त्यांच्याकडेच राहिले.

पालकांशी दोन शब्द

निकाल लागल्यावर पहिली नोकरी मिळायला सहा महिने, कधी वर्षही लागते. या काळात 'अमक्याचा मुलगा लागला, तुझे काय' हा प्रश्न घरात रोज येऊ देऊ नका. त्याऐवजी आठवड्यातून एकदा विचारा : या आठवड्यात काय बनवलेस, दाखव. तुम्हाला कोड कळणार नाही, पण दुधाचे बिल बरोबर निघते की नाही हे तुमच्याइतके कुणालाच कळत नाही. मुलीच्या बाबतीत पुण्यात राहण्याची काळजी वाटत असेल तर तिच्या कॉलेजच्या दोन-तीन मैत्रिणींनी एकत्र खोली घेण्याची सोय पाहा. पण त्या काळजीपोटी तिची वाट तालुक्यापुरती आखू नका.

आता कामाला लागा. आजच्या आज एक वही घ्या, पाच रकाने आखा आणि पहिल्या दहा जाहिराती वाचा. रविवारपर्यंत दूध संकलनाची चार टेबले कागदावर काढा. महिनाअखेर प्रयोग संपेल, निर्णय लिहून काढा आणि खाली तारीख घाला. मन डळमळेल तेव्हा कुणाला फोन करण्याआधी तो कागद वाचा. त्यावरची कारणे तुमची स्वतःची, तपासून घेतलेली असतील. दोन वर्षे एका वाटेवर टिकून राहायला तेवढी पुरतात.